अर्धा ताईत

महसूल खात्यात हयात गेल्यामुळे भावाभावांचा तंटा समोर आला की माझी दृष्टी प्रथम दस्तऐवज शोधते; परंतु कळंब तालुक्यात बांधाच्या, सामाईक विहिरीच्या आणि फेरफाराच्या कैफियती वर्षानुवर्षे ऐकल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, अर्जात गुंठे लिहिलेले असले तरी अर्जदार पुष्कळदा आईबापांच्या मायेचा हिशेब मागत असतो. सेवानिवृत्तीनंतर धाराशिवच्या घरी जुळ्या नातवांशेजारी बसून ‘डेव्हिल मे क्राय’ हा जपानी व्हिडिओ गेम मी पाहू लागलो, आणि तोच तंटा तेथे मला निर्मळ स्वरूपात भेटला.

‘कॅपकॉम’ने २००१ साली आरंभिलेल्या या मालिकेत दांते आणि व्हर्जिल हे जुळे बंधू आहेत, पिता स्पार्डा हा मनुष्यांसाठी स्वकीयांविरुद्ध उभा राहिलेला दैत्य, तर माता ईवा मानवी. बापाकडून प्रत्येकाला एकेक तलवार, आईकडून एकाच ताइताचा अर्धा-अर्धा भाग. इतकी निर्दोष वाटणी कचेरीतही क्वचितच दृष्टीस पडे, आणि तरीही वैर झाले.

स्वभावभेद केवळ संवादांतून सांगितलेला नाही, तो खेळाच्या नियमांतच ओवलेला आहे, आणि याचे मला मोठे कौतुक वाटते. थोरला नातू लाल कोटातला दांते घेतो; एकच वार फिरून फिरून केला तर गुण मंदावतात, म्हणून तो तलवार, पिस्तुले, पवित्रे सारखे बदलत राहतो. धाकट्याचा व्हर्जिल निळ्या कोटातला. त्याच्या एकाग्रतेचे माप शांत पावले टाकल्याने चढते, तर धावल्याने किंवा वार फुकट गेल्याने उतरते. त्यामुळे एरवी जिना धावतच चढणारा हा मुलगा शत्रू अंगावर येत असता अंगठा जेमतेम हलवीत, श्वास रोखून, व्हर्जिलला सावकाश चालवतो.

२००५ च्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस पराभूत व्हर्जिल पाताळाच्या कड्यावरून मागे झुकतो, दांते हात पुढे करतो, आणि व्हर्जिल त्याच हाताच्या तळव्यावर तलवारीची रेघ ओढून स्वतःच्या वाट्याच्या ताइतासह खाली जातो. २०१९ च्या पाचव्या भागात या वैराचे मूळ उलगडते. दैत्यांच्या हल्ल्याच्या रात्री आईने दांतेला कपाटात लपविले. आपल्याला मात्र तिने टाकले, ही समजूत व्हर्जिलने जन्मभर बाळगली, वस्तुतः ती त्यालाच शोधता शोधता मारली गेली होती.

“आबा, दांतेनं हे त्याला आधीच का नाही सांगितलं?” थोरल्याने विचारले.

“सांगितलं असतं तर यानं ऐकलं असतं का?” धाकटा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्याचेच म्हणणे खरे होते, कारण प्रतिवादीच्या तोंडून आलेली साक्ष वादीला मान्य होत नाही.

शेवटच्या झुंजीत तलवारी भिडणार तोच मध्ये पडतो तो व्हर्जिलचा मुलगा, म्हणजे दांतेचा पुतण्या, नीरो. हा शेवट मला अत्यंत यथार्थ वाटला. आमच्याकडेही अनेक तडजोडींवर वृद्ध भावांचे अंगठे उठले, ते घरातल्या कर्त्या झालेल्या मुलांनी हट्ट धरला म्हणूनच. पुढे दोघे भाऊ मिळून पाताळात उतरतात, आणि तेथेही आजवर कोणी किती वेळा जिंकले यावर त्यांची हुज्जत चालूच असते.