सर्वांच्या वाट्याचे भाग्य

धानोऱ्याच्या आसमंतात, जुन्या चांदा जिल्ह्याच्या जमीनदारी मुलखात एकेकाळी मोडणाऱ्या या अरण्यप्रदेशात, गोंडांच्या गावांना शिवेलगत आपले देवठाणे असते. त्यास शिखर नाही की गाभारा नाही. मोहाच्या किंवा ऐनाच्या बुंध्याशी मांडलेले काही पाषाण, वर एखादे निशाण आणि भोवती कुऱ्हाडीपासून अभय लाभलेले रान, एवढाच त्या पेनाचा, म्हणजे गोंडांच्या देवाचा, सारा सरंजाम.

अशाच एका ठाण्यापाशी, वैशाखातील एका सकाळी, मी बराच वेळ बसलो होतो. हा पेन पावणारा, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती. लोक त्याच्यापाशी काय मागतात, असे मी पूजेचा अधिकार सांभाळणाऱ्या वृद्ध गायत्यास विचारले, तेव्हा पाऊस, पीक, गुराढोरांचे कुशल आणि रानात गेलेल्यांचे सुखरूप परतणे, एवढ्याच गोष्टी त्यांनी सांगितल्या. यांतील पाऊस तर एकट्याच्या शेतापुरता कधीच पडत नाही. तो मागणारा, नकळत का होईना, शेजाऱ्यासाठीही मागत असतो.

सर्वांच्या वाट्याच्या या भाग्याला संयमाचे कुंपणही आहे. नवा आंबा, मोहाचे नवे फूल, नवे धान्य पंडुम या सणात पेनाला अर्पण केल्यावाचून मुखी घालावयाचे नाही, हा येथील दंडक. आणि या प्रतीक्षेत फळ झाडावरच पक्व होते, बी धरते, पुढील पिढीच्या झाडाची तजवीज होते.

जपानातील शिंतो देवस्थानांभोवतीही अशीच राखीव वनराई असते. १९०६ मध्ये तेथील सरकारने लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचा हुकूम काढला, असंख्य ठाणी उठली, पुराणवृक्ष तुटले. तेव्हा मिनाकाता कुमागुसू या निसर्गशास्त्रज्ञाने, देव हलविल्याने वनही जाते आणि वनाबरोबर गावाचे ऐक्यही, असे निक्षून सांगत त्या धोरणाशी झुंज घेतली.

धानोऱ्याजवळच्या मेंढा गावाने वन आणि गावाचे ऐक्य एकत्रच नांदतात, हे सत्य कायद्याच्या भाषेत सिद्ध केले. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या त्या ग्रामसभेस, २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये, २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्काची सनद मिळाली. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिकाही तिच्या स्वाधीन झाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेनाच्या साक्षीने रानाशी मर्यादा पाळली, त्यांच्या हाती रानाचा कारभार सोपविणे हा उपकार नव्हता, तो न्याय होता.

म्हणून, वाचकहो, या बाजूस कधी येणे झाले, तर गायत्याची अनुमती घेऊन, पादत्राणे दूर ठेवून अशा ठाण्यापाशी अवश्य बसा. आणि काही मागावेसे वाटलेच, तर जे सर्वांच्या वाट्यास येऊ शकेल तेच मागा.