आधी मान, मग मैदान

माझा व्यवसाय क्रीडा फिजिओथेरपीचा. रायपूरमध्ये माझ्याकडे कबड्डी, हॉकी आणि धावण्याच्या शर्यतींचे खेळाडू येतात, तसे अलीकडे रग्बी खेळणारे मुलगे-मुलीही येऊ लागले आहेत. कुणाचा खांदा निखळलेला असतो, कुणाचा गुडघा सुजलेला. तपासून झालं की सोबतचं मोठं माणूस एकच प्रश्न विचारतं : "यात पुढे काय?" तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातले आजोबा असोत, की बस्तरहून शिकायला आलेल्या मुलीचा भाऊ, प्रश्न तोच. भिलाईच्या कोचिंग क्लासपासून इंजिनियरिंगपर्यंतची वाट इथे घरोघरी ठाऊक आहे. रग्बीची वाट कुणी सांगितलेलीच नाही, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रग्बीपटूची कारकीर्द घडते किंवा मोडते ती सोळा ते बावीस या वयात. त्या वर्षांत क्रम असा हवा : आधी शरीर, मग शिक्षण, मग करार. सध्या करारापासून सुरुवात करण्याची घाई दिसते आहे.

या घाईचं कारण समजण्यासारखं आहे. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, प्रत्येकी सात खेळाडूंचा झटपट खेळ, चार-चार मिनिटांचे चार डाव. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला हरवलं. भारतीय खेळाडूंत सर्वांत मोठी बोली लागली ती दिल्लीच्या मोहित खत्रीवर, 4.75 लाख रुपयांची. या खेळात आपल्याकडे एवढे पैसे मिळू शकतात, हे मुलांनी प्रथमच पाहिलं. याचा मला मनापासून आनंद आहे. पण पालकांनी हिशेबही करावा. प्रत्येक संघात पाच भारतीय, म्हणजे साऱ्या देशातून तीस जागा. हंगाम दोन आठवड्यांचा. पहिल्या वर्षी संघ फक्त पुरुषांचे. वर्षाचे उरलेले पन्नास आठवडे या मुलांनी कशावर काढायचे, हा प्रश्न लिलावात सुटत नाही.

जिथे हा खेळ मुरलेला आहे, तिथेही हा प्रश्न सहज सुटलेला नाही. कामावरची रजा टाकून खेळणाऱ्या मजुरांना बुडालेला रोज द्यावा की नाही, या वादावरून 1895 साली इंग्लंडमध्ये रग्बीची दोन शकलं झाली. पैसे द्यायला तयार असलेल्यांचा खेळ पुढे रग्बी लीग झाला. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत, त्या रग्बी युनियनने खेळाडूला उघडपणे पैसे द्यायला ऑगस्ट 1995 मध्ये, शंभर वर्षांनी, मान्यता दिली. आज इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी क्लबच्या अकादमीचा करार मिळतो, मग खालच्या श्रेणीतल्या क्लबकडे उसना पाठवून मुलाला तयार केलं जातं, आणि त्यातले थोडेच पहिल्या संघापर्यंत पोचतात. पोचल्यावरही शाश्वती नसते. 2022-23 च्या एकाच हंगामात इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब आर्थिक संकटात बुडाले. करार हातात असलेले खेळाडू रातोरात बेकार झाले.

म्हणून शहाण्या देशांनी कराराला दुसरा आधार जोडला आहे. फ्रान्समध्ये व्यावसायिक क्लबच्या प्रशिक्षण केंद्रात घेतलेल्या तरुणाला खेळाबरोबर शिक्षण किंवा एखादा व्यवसाय शिकणं भागच असतं. जपानमध्ये टोयोटा, तोशिबा, पॅनासॉनिक अशा कंपन्यांनी संघ उभे केले. तिथले अनेक स्थानिक खेळाडू वर्षानुवर्षं त्याच कंपनीचे पगारी कर्मचारी राहिले : नोकरीही करायची आणि सरावही. त्याच मुशीतून घडलेल्या जपानने 2015 च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेला 34-32 असं हरवलं.

ही जपानी वाट आपल्याला परकी नाही. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलाने आपले कबड्डीपटू, कुस्तीगीर याच पद्धतीने सांभाळले. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंच्या नोकरभरतीसाठी पात्र खेळांच्या यादीत वीस नवे खेळ घेतले. त्यात आपला मल्लखांब आहे, तशी रग्बीही आहे. छत्तीसगडमध्ये राज्याकडून 'उत्कृष्ट खिलाडी' घोषित झालेल्यांना सरकारी नोकरीचा मार्ग खुला होतो. माझ्या मते रायपूरच्या मुलासाठी आज व्यावसायिक रग्बीचा खरा अर्थ असा आहे : राज्याचा संघ, राष्ट्रीय शिबिर, पदवी, खेळाडू म्हणून नोकरी, आणि लीगचे पैसे आले तर ते वरकड. कॉलेज सोडणाऱ्याचं खेळाच्या अंगानेही नुकसान होतं, कारण विद्यापीठाचा संघ हीसुद्धा एक पायरी आहे. 2020 साली भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत रग्बी होती.

आता शरीर. माझ्या कामाचा हा गाभा आहे आणि हेळसांड सर्वांत जास्त इथेच होते.

छत्तीसगडची मुलं रग्बीत येतात ती बहुधा कबड्डीतून. अंगात धाडस असतं, पकड पक्की असते. पण घोट्याची पकड करताना डोकं धावणाऱ्याच्या गुडघ्यासमोर नेण्याची सवयही सोबत येते. कबड्डीत चढाई करणारा जेमतेम काही पावलांवर असतो. रग्बीत समोरचा पूर्ण वेगाने येतो, आणि तेव्हा त्याचा गुडघा कानशिलावर बसतो. म्हणून टॅकल, म्हणजे धावणाऱ्याला धरून पाडणं, पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो : पाठ सरळ, नजर वर, पाऊल जवळ, खांदा कमरेखाली, आणि डोकं धावणाऱ्याच्या बाजूला किंवा मागे. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग धावत. 2023 पासून अनेक देशांनी हौशी खेळात टॅकलची उंची छातीच्या हाडाखाली आणली, तीही डोकी वाचवण्यासाठीच.

यासाठी जमीनही मऊ हवी. आमच्याकडची मुरमाड मैदानं एप्रिल-मे महिन्यांत दगड होतात आणि पारा 44 अंशांवर जातो. टॅकल शिकवायचा तो पावसाळ्यात, ओल्या मातीवर. उन्हाळा पहाटेच्या पासिंगसाठी आणि व्यायामशाळेतल्या ताकदीसाठी ठेवावा. जागतिक रग्बी संघटनेचा 'अॅक्टिव्हेट' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. त्यात तोल, उडी मारून नीट उतरणं आणि मानेचा व्यायाम असतो. 2017 साली इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या संघांनी हा वॉर्मअप आठवड्यातून तीनदा केला, त्यांच्यात सामन्यातल्या दुखापती 72 टक्क्यांनी आणि डोक्याचे हादरे 59 टक्क्यांनी कमी आढळले. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

डोक्याला बसणाऱ्या हादऱ्याला, म्हणजे कन्कशनला, मी सर्वांत जास्त भितो. त्यात शुद्ध जातेच असं नाही. डोकं दुखणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, एवढ्यावरून ओळखावं लागतं. सीटी स्कॅन नॉर्मल आलं तरी कन्कशन असू शकतं. मोठ्या सामन्यांत संशय येताच खेळाडूला बाहेर काढून बारा मिनिटांची तपासणी करतात. जिथे डॉक्टरच नसतो, तिथे तपासणीच्या भरवशावर परत पाठवणं हा गुन्हा आहे. शंका आली की त्या दिवसाचा खेळ संपला. ब्रिटनच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढच्या सामन्यासाठी किमान 21 दिवस थांबावं लागतं. निवड चाचणी असली, तरी हे दिवस कमी होत नाहीत. पहिला हादरा पुरता बरा होण्याआधी बसलेला दुसरा हादरा कोवळ्या मेंदूच्या जिवावर उठू शकतो.

आहाराचीही अशीच हेळसांड होते. सत्तर किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण 110 ते 140 ग्रॅम प्रथिनं लागतात. महागड्या डब्यांची गरज नाही. सकाळची बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खुशाल खावी, पण तिच्या जोडीला अंडी, भिजवलेले चणे, सोयाबीनची बडी, डाळ आणि दूध हवं.

मुलींविषयी वेगळं सांगायला हवं, कारण भारतीय रग्बीचा मान त्यांनी वाढवला आहे. 2019 साली मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला 21-19 असं हरवून पंधरा जणींच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. नालंदाची श्वेता शाही, सरस्वतीपूर चहामळ्यातली संध्या राय, महाराष्ट्राच्या वैष्णवी पाटील आणि कल्याणी पाटील ही नावं पालकांनी मुलींना सांगावीत. मुलींमध्ये गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचा धोका जास्त असतो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत त्यांना मैदानात उतरवू नये. याच नऊ महिन्यांत घरचे म्हणतात, "झालं आता, पुरे." तिथेच अनेक कारकिर्दी संपतात. त्या काळात मुलीला घराने साथ दिली, तर ती परत येते आणि खेळते.

राज्याच्या क्रीडा विभागाला माझी विनंती आहे : जिल्हा पातळीच्या प्रत्येक रग्बी सामन्याला प्रथमोपचार शिकलेला माणूस आणि रुग्णवाहिका सक्तीची करा, खेळाडूंचा विमा उतरवा. पालकांना सांगणं एवढंच : मुलगा किंवा मुलगी रग्बी खेळायचं म्हणाली, तर जरूर खेळू द्या. फक्त प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचारा. टॅकल कोणत्या पायऱ्यांनी शिकवता? डोक्याला मार लागला तर काय करता? परीक्षेच्या काळात सराव कसा ठेवता? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तर निर्धास्त नाव घाला. एकाचंही उत्तर टाळलं गेलं, तर दुसरा प्रशिक्षक शोधा.