एमडी१२७ आणि इतर टिपणे

दोन डिस्कच्या सॉफ्टवेअर रेड१वरचं लिनक्स सुरू होता होता अडतं, मूळ फाइलसिस्टिम सापडत नाही म्हणतं आणि इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट पुढ्यात टाकून मोकळं होतं. अशा वेळी दोन्ही डिस्क बहुधा ठणठणीत असतात. त्या एकमेकींच्या आहेत, हे त्या घडीला कोणाला ठाऊक नसतं इतकंच.

*

आधी /प्रॉक/एमडीस्टॅट वाचावी. पहिल्या ओळीत रेड१ नसेल तर मॉड्यूलच चढलेलं नाही. रेड१ आहे पण खाली अ‍ॅरे नाही, तर जुळणी झालेली नाही. 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसलं तर जुळणी अर्धवट राहिली. तिन्हींचे उपाय वेगवेगळे, पण घाईत सगळ्यांवर एकच औषध दिलं जातं: रीबूट.

*

पार्टिशनचा प्रकार 'एफडी' करा, हा सल्ला अजून फिरतो. एके काळी तो बरोबर होता. कर्नल आपणहून अ‍ॅरे जुळवायचं, पण सुपरब्लॉक (डिस्कवरची अ‍ॅरेची नोंद) ०.९० छापाचा असेल आणि एमडी ड्रायव्हर मॉड्यूल नसून कर्नलमध्येच बांधलेला असेल तरच. आता अ‍ॅरे बनवणारं-जुळवणारं एमडीएडीएम वेगळं सांगितल्याशिवाय १.२ छाप वापरतं. त्याचा सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो आणि कर्नल स्वतःहून तिकडे ढुंकूनही पाहत नाही. जुळवायचं काम इनिटरॅमएफएसमधल्या एमडीएडीएमचं. तिथे ते नसेल तर एफडी लावा नाहीतर आणखी काही, उपयोग नाही.

*

इनिटरॅमएफएसमध्ये असते ती एमडीएडीएम.कॉन्फची प्रत. मूळ फाइल दुरुस्त केली तरी बूट होताना वाचली जाते ती जुनीच. डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस, फेडोरावर ड्राकट चालवल्याशिवाय बदल पोचत नाही.

*

एमडी० च्या जागी एमडी१२७ उगवला, तर अ‍ॅरे सापडला आहे, फक्त परका ठरला आहे. कॉन्फमध्ये त्याची ओळ नाही किंवा होस्टनेम बदललं आहे. एफएसटॅबमध्ये फाइलसिस्टिमची यूयूआयडी लिहिली की नावाची कटकट मिटते.

*

डिस्क पूर्वी मदरबोर्डच्या बायोस-रेडमध्ये नांदलेली असेल तर ती खूण फॉरमॅट करूनही मागे राहू शकते आणि बूट होताना भलताच ड्रायव्हर डिस्क बळकावतो. वाइपएफएस नुसतं चालवलं की खुणांची यादी देतं, पुसत काही नाही. यादी आधी नीट वाचावी.

*

जुळत नाही म्हणून '--क्रिएट' मारणाऱ्यांचे हात बांधून ठेवावेत. नवा सुपरब्लॉक वेगळ्या छापाचा पडला तर डेटाची सुरुवातच सरकते. आधी '--एक्झामिन', मग '--असेंबल'.

*

सगळ्यात वाईट प्रकार: आज ही डिस्क एकटी बूट झाली, उद्या ती. प्रत्येकीच्या सुपरब्लॉकमध्ये 'दुसरी निकामी' अशी नोंद. एक्झामिनमध्ये अ‍ॅरे स्टेट एकीकडे 'ए.', दुसरीकडे '.ए'. एमडीएडीएम मग दोघींना एकत्र आणायला नकार देतं, आणि ते योग्यच. इव्हेंट्सचा आकडा इथे निवाडा करत नाही; जास्त आकडा म्हणजे जास्त लिहिलं गेलं, हवं ते लिहिलं गेलं असं नव्हे. दोन्ही स्वतंत्रपणे, रीड-ओन्ली उघडून फायलींच्या तारखा बघाव्यात. ठेवायची कोणती ते ठरलं की दुसरीवरचं वेगळं काही असेल ते बाहेर उतरवून घ्यावं. त्यानंतरच तिच्यावर '--झीरो-सुपरब्लॉक' आणि '--अ‍ॅड'.