चिठ्ठीवरचे नाव

आमचे औषधाचे दुकान तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडच्या मागच्या रस्त्यावर आहे. आम्ही दोघे नवराबायको ते चालवतो. दोघांनीही डी. फार्म. केले आहे. बावीस वर्षांत मुदत संपलेली गोळी कधी कुणाला दिली नाही, अडलेल्याला उधारी नाकारली नाही. त्यामुळे आपण माणुसकीने धंदा करतो असा आमचा समज होता. तो समज एका गिऱ्हाइकाने मोडला. त्याचीच ही हकिकत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळच्या गर्दीत एक तृतीयपंथी भगिनी दुकानावर आल्या. अंगावर नीटनेटकी साडी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव मात्र पुरुषाचे. औषधे काढून झाल्यावर आम्ही सवयीप्रमाणे ते नाव मोठ्याने पुकारले. लोक हसले. दोन पोरांनी टाळ्या वाजवून दाखवल्या. त्यांनी मान खाली घालून पैसे दिले. उरलेली मोड आम्ही त्यांच्या हातात न देता काउंटरवर टाकली.

हे वरून टाकणे काय असते, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आमच्या आजोबांनी ते जन्मभर सोसले. त्यांच्याच घरातल्या हातांना ती खोड कधी लागली, ते आम्हाला कळलेही नाही.

त्यानंतर त्या चिठ्ठी घेऊन आल्या नाहीत. येत त्या रात्री, शटर ओढायच्या वेळी. मागत फक्त संततिनियमनाच्या गोळ्या, त्याही पाच-सहा पाकिटे. या गोळ्यांना चिठ्ठी सहसा कोणी विचारत नाही. आम्ही दिल्या. त्या गेल्यावर एकमेकांकडे बघून हसलोही. इतक्या गोळ्या कशाला, हे सात महिन्यांत एकदाही विचारले नाही.

एका रात्री त्या लंगडत आल्या. म्हणाल्या, "वहिनी, पाय फार दुखतोय, चोळायला मलम द्या." पाहिले तर एकाच पायाची पोटरी सुजलेली, ताठ आणि गरम. तेव्हा प्रथमच विचारले, "ताई, त्या गोळ्या दिवसाला किती घेता?"

"चार. मैत्रिणीने सांगितले, जास्त घेतल्या की अंग लवकर बदलते." वर विडीही चालू होती.

आमच्या पोटात गोळा आला. या गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिऑल नावाचे स्त्री-संप्रेरक असते. त्याने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दिवसाला चार घेतल्या तर तो आणखी वाढतो, विडी-सिगारेटने त्यात भर पडते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. असा पाय चोळायचा नसतो, तडक दवाखाना गाठायचा असतो.

तसे सांगितले, तर म्हणाल्या, "तिथे विचारतात, पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या? मी नाही जात." शेवटी आमच्यापैकी एकाने शटर ओढले आणि दुसरी त्यांच्याबरोबर रिक्षात बसली. सोनोग्राफीत गुठळी निघाली. रक्त पातळ करणारी औषधे वेळेवर सुरू झाली म्हणून त्या वाचल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून रात्रभर एकच विचार डोक्यात होता. ती पाकिटे विकली आम्हीच. पहिल्या दिवशी चारचौघांत नाव पुकारले नसते, तर त्या डॉक्टरांची चिठ्ठी सोडून मैत्रिणीच्या सल्ल्यावर गेल्या असत्या का?

त्यानंतर आम्ही पुस्तके काढून पुन्हा अभ्यासाला बसलो. गुठळी होऊन गेलेल्या रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळीऐवजी कातडीला लावायचे इस्ट्राडिऑलचे जेल देऊ शकतात. त्यात धोका कमी असतो. पुरुषी संप्रेरक दाबण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन देतात. ही मूळची सुजेची आणि रक्तदाबाची गोळी. तिने रक्तातले पोटॅशियम वाढते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार आहे का, रक्तदाबाची दुसरी गोळी चालू आहे का, हे विचारावेच लागते. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने संप्रेरकांचा असर कमी होतो. अशा वेळी रुग्ण घाबरून क्षयाची गोळीच सोडून देईल. ती सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचे, हे समजावणे आमचे काम आहे. स्त्री म्हणून जन्माला येऊन पुरुष म्हणून जगणारे काही जण टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेतात. त्यांनी ठरलेल्या मुदतीने हिमोग्लोबिन तपासून घ्यावे लागते, कारण रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होऊ शकते.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ साली झालेल्या कायद्याने आरोग्यसेवेत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे, असे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत लिहिले आहे. कायदे झाले, पण आमच्या काउंटरवर ते आमच्या तोंडूनच पोहोचणार.

आता आम्ही साध्या गोष्टी पाळतो. चिठ्ठी हातात आली की हळूच विचारतो, "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" बिलावर चिठ्ठीतले नाव लिहितो, पण ते पुकारत नाही. आला म्हणावे की आली, असा पेच पडला तर "तुम्ही आलात" म्हणतो. आपल्या भाषेत ती सोय आहेच. औषधाविषयी बोलायचे असेल तर आत स्टुलावर बसवतो. मोड हातात देतो.

आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली आज फार्मसी शिकत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. परीक्षेत औषधाची मात्रा विचारतात, गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे ते कोणी विचारत नाही. तेही तितकेच मन लावून शिका.

त्या ताई आता गर्दीच्या वेळीच येतात. विडी सोडली आहे. परवा रांगेतला एकजण हसला, तेव्हा त्याच्या शेजारच्या म्हातारबाबांनीच त्याला दटावले, "गप रे, औषध घ्यायला आलेत ते."