सरासरीबाहेरचे दगड

दगड निवडायचा नाही, हा माझ्या नोकरीतला पहिला धडा. डिचोली तालुक्यातल्या एका लोहखाणीत मी सॅम्पलर होतो. ढिगावर चढायचं, ठरलेल्या अंतरावर फावडं मारायचं आणि येईल ते पिशवीत भरायचं. जड, काळाभोर गोळा बरा दिसतो म्हणून उचलायचा नाही आणि मातकट दिसतं म्हणून काही टाळायचंही नाही. आमचे केमिस्ट म्हणायचे, "डोळ्यांनी सॅम्पल घेऊ नकोस, फावड्याने घे."

मग त्या मालाचा शंकू करायचा, माथा दाबून चपटा करायचा आणि त्याचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. असं करत करत ट्रकभर माल मुठीएवढा व्हायचा. त्याचं पीठ करून ॲसिडात विरघळवायचं आणि वरून डायक्रोमेट थेंब थेंब सोडायचं. शेवटच्या थेंबाला चंबूतलं पाणी एकदम जांभळं होई. अंगावरच्या कपड्यांपासून जेवणाच्या डब्यापर्यंत सगळं लाल असलेल्या माणसाला कामावर दिसणारा तेवढा एक वेगळा रंग. रजिस्टरात लोखंडाच्या टक्क्यांचा आकडा चढायचा, ५८ किंवा ६०, आणि तो दगड संपायचा.

राहायला मी कोरगावचाच. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात दगड म्हटला की चिरा. तोही लालच. खाणीतून काढताना कोयत्याने तासता येईल इतका मऊ असतो, वारा-ऊन खाऊन घट्ट होतो. आमची घरं, विहिरींचे कठडे, देवळांचे पाये सगळे त्याचे. खाली खाजनात कोरगूट भात, वर सड्यावर काजू आणि मध्ये हा जांभा. या दगडात खडे शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. हजारो पावसाळ्यांनी त्यातला चुना आणि सिलिका धुऊन नेली आणि लोखंड, ॲल्युमिनियम तेवढं मागे ठेवलं. पाण्याने नुसतं नेलं. पाणी दगडात काही आणूनही ठेवतं हे पाहायला मला सिन्नरला जावं लागलं.

गेलो होतो खरं तर शिर्डीला. भाच्याची गाडी, त्याची बायको, बारावी शास्त्र शाखेत शिकणारी मुलगी आणि मागच्या सीटवर मी. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि माझी नोकरी गेली. तेव्हापासून असल्या प्रवासांना मी नाही म्हणत नाही. त्र्यंबकेश्वर झालं. सिन्नरात गोंदेश्वराचं यादवकालीन देऊळ पाहिलं. काळ्या दगडावरचं ते कोरीवकाम पाहताना आमचा चिरा असल्या बारकाव्याला कधीच तयार झाला नसता, असं वाटून गेलं. पुढे मुलीने मोबाइल काढून गाडी माळेगावच्या एमआयडीसीत वळवायला लावली. तिथे गारगोटी संग्रहालय आहे. नौदलातून बाहेर पडलेल्या के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये ते उभं केलं. कारखान्यांच्या शेडांमधून जाताना भाचा कुरकुरला, "मामा, दगड बघायला सिन्नर कशाला? डिचोलीत काय कमी आहेत?"

आत गेल्यावर तो गप्प झाला.

पहिल्या काही कपाटांपाशी मी कामाच्याच नजरेने पाहत होतो. दख्खनच्या काळ्या दगडात लोखंड दहा टक्क्यांच्या आसपास. आमच्या हिशेबात अख्खा सह्याद्री रिजेक्शनचा डंप ठरेल. पण इथे त्या काळ्या दगडाचं काम फक्त खालच्या बैठकीचं होतं. वर स्टिल्बाइट उगवलेला होता, फिकट नारिंगी. त्याच्या पात्या मध्ये आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुलारलेल्या, शेतात बांधून ठेवलेल्या भाताच्या पेंढीसारख्या. शेजारी ॲपोफिलाइट: चौकोनी अंगाचा, टोकाला निमुळता, इतका स्वच्छ की मागच्या पाटीवरची अक्षरं त्यातून वाकडी होऊन दिसत होती. काही ॲपोफिलाइट पांढरे, काही हिरवे. अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा नावाचं ठिकाण आहे. तिथे विहीर खोदताना निघालेले हिरवे ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांनी डोक्यावर घेतले. विहिरीला पाणी किती लागलं हे कोणी लिहून ठेवलंय की नाही देव जाणे. हिरवेपणा येतो तो किंचितशा व्हॅनेडियममुळे, आमच्या रिपोर्टात ज्याला 'ट्रेस' म्हणून सोडून दिलं जाई तेवढ्या.

मुलगी भराभर सांगत होती. हे झिओलाइट, ते नाही. ॲपोफिलाइटमध्ये ॲल्युमिनियम नाही म्हणून तो झिओलाइटांच्या पंगतीत बसत नाही, जन्म मात्र एकाच घरातला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर आले. लाव्हा थिजताना आतली वाफ आणि वायू अडकून पोकळ्या राहिल्या, काही वाटाण्याएवढ्या, काहींत माणूस शिरेल एवढ्या. नंतर भेगांतून गरम पाणी फिरत राहिलं. त्याने त्याच दगडातली सिलिका, चुना, ॲल्युमिनियम विरघळवून घेतलं आणि पोकळी सापडली की तिथे हळूहळू उतरवलं. आधी भिंतीला पातळ अस्तर, मग एक खनिज, पाण्याची उष्णता आणि त्यातलं मिश्रण बदललं की त्याच्यावर दुसरं. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असला खडा तापवला तेव्हा तो फसफसला, कारण पाणी त्याच्या अंगातच होतं. आम्ही नमुना आधी भट्टीत वाळवायचो आणि वजनातली घट 'मॉइश्चर' म्हणून कापायचो. तसाच हिशेब इथे लावला असता तर अर्ध्या कपाटांचं मोल वाफेत गेलं असतं.

ओकेनाइटपाशी भाच्याच्या बायकोने हात पुढे केला आणि काचेला लागला. पांढऱ्या केसाळ गोंड्यांचा तो दगड, पाहताक्षणी मऊ वाटतो. खरं म्हणजे ते सुईहून बारीक स्फटिक. बोट लागलं की मोडतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. मुंबईच्या उपनगरांतल्या खाणींतही तो निघायचा. मालाड, कुर्ला या नावांशी आपल्या मनात लोकल जोडलेली, पण परदेशातले संग्राहक ही नावं प्रेहनाइट आणि ओकेनाइटचे पत्ते म्हणून पाठ करतात. एकोणिसाव्या शतकात भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हाही असे नमुने निघाले आणि विलायतेतल्या संग्रहालयांत पोचले.

मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो कॅव्हन्साइटपुढे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या काट्यांचा छोटा गोळा. निळा म्हणजे कुठला, ते सांगणं अवघड. मोरपिसात हिरवा डोकावतो, इथे काहीच डोकावत नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी, एवढाच मसाला. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ऑरेगन राज्यात सापडलं, पण तिथे किरकोळ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत ते निघायला लागलं आणि आज कुठल्याही देशातल्या संग्रहातला देखणा कॅव्हन्साइट बहुधा वाघोलीचाच असतो. वाघोलीच्या खाणी खडीच्या. पुण्याच्या इमारतींना, रस्त्यांना लागणारी खडी. दगड क्रशरच्या जबड्यात जाण्याआधी कोणीतरी तो निळा ठिपका पाहिला, थांबला आणि बाजूला केला, म्हणून तो सिन्नरात दिव्याखाली आहे. त्याचे बरेचसे भाऊबंद काँक्रीटमध्ये गेले असणार.

"आजोबा, हो खरोच फातर?" मुलीने विचारलं. पेडण्याची पोर आनंदली की पुस्तकी भाषा सोडते.

बघता बघता माझ्या ध्यानात आलं की हे सगळं दालन माझ्या नोकरीच्या नियमाविरुद्ध उभं आहे. इथला एकही दगड फावड्याने घेतलेला नाही. प्रत्येक डोळ्यांनी घेतलेला. हजारो टन काळ्या पाषाणातून एक निवडायचा आणि म्हणायचं, हा दख्खन. सॅम्पलर म्हणून मला हे पटत नाही. माझ्या हाती असतं तर दाराशीच घमेलंभर साधी खडी ठेवली असती आणि पाटी लावली असती, की बाकी सगळा डोंगर असा आहे. पण माणूस म्हणून मला तिथून हलवेना. सरासरी काढली की मालाचा भाव ठरतो, ते योग्यच. मात्र पोकळीत काय घडलं हे सरासरीला कधी कळत नाही. मूठभर पिठात कॅव्हन्साइट उरला असता तो दशांशचिन्हानंतर तिसऱ्या घरात.

बाहेर रस्त्यालगत टपरीवर चहा घेताना बाकावर एक म्हातारे बसले होते. धोतर, डोक्याला मुंडासं. मी कुठून आलो, काय करायचो हे विचारून झाल्यावर म्हणाले, आपणही दगडातलेच, क्रशरवर वीस-बावीस वर्षं. मी खड्यांचं विचारलं तर हसले. "सुरुंग झाला की आधी धूर जाऊ द्यायचा. मग मुकादम खाली उतरायच्या आत पोकळी हुडकायची. वेळ थोडा अन् घाई केली की टोकं मोडत्यात. टोक मोडलं की व्यापारी हात लावीत न्हाई." घणाने मारायचं नाही, भोवतालचा दगड छिन्नीने सोडवायचा, फडक्यात आणि मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, असं त्यांनी हाताने करून दाखवलं. पैसे किती मिळायचे? "च्या-पान्याचे." त्यांचा एखादा खडा अमेरिकेला गेला असेल का, असं मी विचारलं. ॲरिझोनात टूसॉन शहरात १९५५ साली एका शाळेत छोटंसं खनिज प्रदर्शन भरलं होतं, ते वाढत वाढत आता दर फेब्रुवारीत जगभरचे व्यापारी ओढून आणतं आणि आपल्या दख्खनचे खडे तिथे नेहमीचे. म्हातारे म्हणाले, "गेला आसंल. आम्हाला कोण सांगणार?"

जगभरची रीतच अशी आहे. पाटीवर खनिजाचं नाव, खाणीचं गाव, जिल्हा, देश. फार तर ज्यांच्या संग्रहात होता त्यांचं नाव. ज्याने धुरातून उतरून पोकळी पाहिली त्याला जागा नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि शास्त्राच्याही दृष्टीने अर्धवट. नमुना कोणी, कधी, खाणीतल्या कुठल्या बेंचवरून, म्हणजे पायरीवरून, घेतला हे लिहिल्याशिवाय आमच्याकडे पिशवी स्वीकारत नसत. अठ्ठावन्न टक्के लोखंडाच्या लाल मातीला जेवढी कागदपत्रं असतात, तेवढीही या निळ्या खड्याला नाहीत.

परतीच्या वाटेवर मुलीने विचारलं, आपल्याकडे असं काहीच नाही का? आहे. ब्ल्यू डस्ट आहे. हेमेटाइटची निळसर काळी पूड, मुठीत धरली तर पाण्यासारखी बोटांतून गळते आणि तळहातावर चांदीची झाक सोडते. लोखंड आणि सिलिका यांचे पट्ट्यावर पट्टे असलेला दगड आहे, अब्जावधी वर्षांचा; त्याच्यापुढे सिन्नरचा सगळा माल कालपरवाचा. आणि गोएथाइट आहे. पोकळीत पाझरून गाठीगाठींनी वाढलेला, वरून तुळतुळीत काळा, कधी त्यावर पेट्रोलच्या तवंगासारखे रंग. असे तुकडे फावड्यात आले तर इतरांसारखेच पिशवीत गेले आणि पीठ झाले. त्याचं मला वाईट वाटत नाही. काम ते होतं.

पण एक शॉवेल ऑपरेटर होता, त्याला कुठला नियम नव्हता. बकेटमध्ये काही चमकलं की इंजिन चालू ठेवून उतरायचा. त्याच्या अंगणात तुळशीच्या पेडाशी असे पाच-सहा गोएथाइट पडलेले मी पूर्वी पाहिले होते. शिर्डीहून आल्यावर मुलीला घेऊन त्याच्याकडे गेलो. तिच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. तुकडे तिथेच होते, एकावर रांगोळीचा डबा ठेवलेला. त्याने पाणी ओतून धुऊन दिले, भाव-बिव काही नाही. कुठल्या बेंचवरचे, ते त्याला अजून पाठ होतं, सालही सांगितलं. बहुतेक २०१२ च्या बंदीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतले, जेव्हा ट्रकांच्या रांगेत रस्ता ओलांडायला अर्धा तास लागायचा.

मुलीने वहीत सगळं उतरवलं: गोएथाइट, डिचोली, बेंच, साल. मी म्हटलं, आता खाली याचं नाव लिही, कोणी काढला ते. तिने पेन टेकवलं तसा तो घाईघाईने पुढे झाला.

"नांव नाका हां, बाये. लोक म्हणटले, हाणे खाणीतलो माल चोरलो."