लाउंजमधली कडक भाकरी

१५ ऑक्टोबर २०२५ला सोलापूर-मुंबई विमान सुरू झालं. त्याआधी मुंबई म्हणजे रात्रभराची सिद्धेश्वर एक्सप्रेस. आज सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून उडाले आणि पुढच्या विमानापर्यंत मुंबईत चार तास मोकळे मिळाले. लेकीने बजावलं होतं, "आई, कार्ड दाखव, लाउंजमध्ये बस." दोन रुपये कापले गेले आणि काचेचं दार उघडलं.

इडली, उपमा, राजमा-भात, कापलेलं कलिंगड. इडली खरंच मऊ होती. यंत्रातली कॉफी मात्र कडवट. दुसऱ्यांदा चहाच घेतला. कितीही घ्या, कोणी मोजत नाही, तरी माझा हात आखडला. आमचे अण्णा जुन्या गिरणीत होते. पाळीला जाताना डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पापडासारखी ती भाकरी आठवडा टिकते, आमटीत चुरली की मऊ होते.

लेकीसाठी नेलेल्या पुडक्यातून एक भाकरी काढली. राजम्यात चुरली, वर चटणी भुरभुरली. लसणाचा वास दरवळला. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं, "सोलापूरची का?" त्या मूळच्या बार्शीच्या निघाल्या. अर्धी त्यांना दिली.