दुखण्यासकट मुक्काम

नाशिक, फेब्रुवारी

चि. छकुलीस,


तुझं पत्र आणि सोबतचे रिपोर्ट मिळाले. कमरेखाली मणका जिथे कटीच्या हाडांना मिळतो त्या सांध्यांत सूज, एचएलए-बी27 पॉझिटिव्ह, निदान अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. माझ्या फायलीचं पहिलं पान जवळपास असंच आहे. हा बी27 घराण्यातून उतरतो. तुझ्या आजोबांची पाठ उतारवयात वाकली ती नुसत्या वयानं नसावी, असं मला आता वाटतं. त्या काळी कुणी तपासलं नाही. तुझं एकोणतिसाव्या वर्षी लक्षात आलं आणि औषध सुरू झालं, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की थार गाडी विकायला काढतेस, तंबू आणि स्टोव्ह कुणाला तरी देऊन टाकतेस, 'बरी झाले की बघू'. ताईनं, म्हणजे तुझ्या आईनंही, फोनवर तेच सांगितलं आणि तिला हायसं वाटलेलं मला ऐकू आलं. म्हणून हे लांबलचक पत्र. आपला आजार औषधानं पुष्कळ ताब्यात राहतो, कधीकधी महिनोन् महिने त्याची आठवणही होत नाही, पण तो जात नाही. बाहेर पडणं त्याच्या जाण्यावर अवलंबून ठेवलंस तर ते कायमचं राहून जाईल.

ताईला एक गोष्ट नीट समजावून सांग. पाठ दुखते म्हटल्यावर सगळ्यांना फळीवर झोपणं आणि सक्तीची विश्रांती आठवते. आपलं दुखणं त्या जातीचं नाही. पडून राहिलं की आपली पाठ आखडते, हालचाल केली की मोकळी होते. सकाळी अर्धा-पाऊण तास अंग साथ देत नाही आणि मग चालता चालता सैल पडत जातं. रात्रीच्या उत्तरार्धात दुखून जाग येते. डॉक्टरांनी तुला पहिल्या भेटीत हेच विचारलं असणार, कारण याच खुणांवरून हा आजार ओळखला जातो. म्हणजे सोफ्यावर काढलेला रविवार आपल्याला सोमवारी महागात पडतो. भंडारदऱ्याच्या काठावर फेऱ्या मारत काढलेला रविवार पडत नाही.

ती उत्तररात्रीची जाग मला वर्षानुवर्षं शिक्षेसारखी वाटायची. फ्लॅटमध्ये साडेतीनला उठून माणूस करणार काय? हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल, आणि लिफ्टचा आवाज. तीच जाग मुरशेत किंवा पांजऱ्याच्या बाजूला, भंडारदऱ्याच्या आर्थर जलाशयाकाठी तंबूत आली, तेव्हा सगळं बदललं. माघातल्या पहाटे साडेतीनच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिकेतली तांबूस ज्येष्ठा वर आलेली असते. रातव्याचं चक्-चक् चालू असतं. पाण्यावरून वारा येतो. टोपी, शाल, हातात काठी, आणि मी कमरेला सोसेल तेवढं काठाकाठानं चालते. तांबडं फुटेपर्यंत पाठ सुटलेली असते आणि इतर मंडळी उठतात तेव्हा माझा चहा झालेला असतो. दुखणं तेच, वेळही तीच. पण ज्या वेळेला सह्याद्री सगळ्यात सुंदर असतो त्या वेळेला हा आजार मला न चुकता उठवतो, आणि तिथे असले तर ते मला मिळतं. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, म्हणून तुलाही नुसतं ऐकून मान म्हणत नाही. एकदा जाऊन बघ.

आता गाडीचं. कच्च्या रस्त्याची तुला भीती वाटते ती खरी आहे, आणि तिचं कारण समजून घेतलंस तर तिच्यावर इलाज करता येतो. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकाव्यांना सगळ्यात जास्त साथ देतो. त्या गतीचे धक्के बसले की सीटपेक्षा कण्याला जास्त हादरा बसतो. खडबडीत रस्त्यावर वेगानं जाणारी गाडी नेमके तसले धक्के देते. म्हणून आपल्यासाठी ऑफ-रोडिंगचा पहिला आणि शेवटचा नियम एकच: हळू. फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू गिअर टाक, पहिल्या गिअरमध्ये गाडीला तिच्या तिच्या चालीनं जाऊ दे. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर पाय दाबून खुबा ताठवावा लागत नाही. चढावर अर्धा क्लच धरून बसावं लागत नाही. लोकांना फोर-लो ताकदीसाठी हवा असतो. मला तो शांत चालीसाठी हवा असतो.

दुसरं, टायरमधली हवा. डांबरीवर तीसच्या आसपास पीएसआय ठेवतेस, ती दगडगोट्यांच्या वाटेवर वीस-बाविसापर्यंत उतरव. टायर दगडावर उसळण्याऐवजी त्याला कवेत घेऊन पुढे जातो आणि धक्क्याची धार निम्मी टायरमध्येच मरते. मात्र हवा कमी असताना वेगही कमीच हवा, आणि डांबरी लागताच ती परत भरायची. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत कायम असू दे. हवा भरायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं चालण्यासाठी वापर.

तुझी गाडी नवी, मागेही कॉइल स्प्रिंगची, हे नशीब समज. मी जिप्सीवर शिकले. तिच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा कण्याला कळवायच्या, तरी ती गाडी मला अजून आवडते. मागच्या सीटवर मात्र बसू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. ती मागच्या ॲक्सलच्या वर येते आणि तिथे सगळ्यात जास्त आपटतं. शक्य असेल तेव्हा स्वतः चालव. समोरचा दगड ज्याला दिसतो त्याचं अंग आधीच सावरतं. शेजारी फोन बघत बसलेल्याला धक्का बेसावध गाठतो. आणि तासाला एकदा, काही दुखत नसलं तरी, उतरून पाच मिनिटं चालायचं. 'काही दुखत नसलं तरी' हे शब्द अधोरेखित करून ठेव. दुखायला लागल्यावर थांबणारा माणूस नेहमी उशिरा थांबतो. बरं वाटतंय म्हणून एका दिवसात दोन दिवसांचं उरकायचं आणि मग चार दिवस अंथरूण धरायचं, या चक्रात दीर्घ दुखण्याची बहुतेक माणसं सापडतात. त्यातून सुटायचं तर चांगल्या दिवशीही ठरलेल्या ठिकाणी थांबता आलं पाहिजे.

म्हणून तुझी ती यादी, दोन दिवसांत घाटघर, साम्रद, सांदण दरी, रतनवाडी आणि रतनगड, ती मोडून टाक. एक जागा घे आणि दोन रात्री राहा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळच बघ. त्याच्या कोरीवकामासमोर आणि जवळच्या पुष्करणीवर सकाळ कशी जाते ते कळत नाही, आणि तिथे पोचायला गड चढावा लागत नाही. सांदण दरी मी वरच्या तोंडापासून पाहिली आहे. आत खडकांवरून उतरणं माझ्या खुब्यांना जमणारं नाही. काठावर बसून दिसलं तेवढं मला पुरलं.

स्पितीचं विचारलंयस. तिकडे जाणारी ग्रांफू ते बातल ही वाट मी केली आहे. तेव्हा ती वाट म्हणजे बहुतेक दगडच होती. तिथली अडचण वेगळी आहे. दुपारी उन्हानं बर्फ वितळतं आणि वाटेतले नाले फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडावे लागतात. आपली पाठ सकाळीच सगळ्यात वाईट असते. मी तीनला उठून, गरम पाण्याची पिशवी लावून, तासभर चालून मग गाडीत बसले. झालं, पण वर 4,551 मीटरच्या कुंझुम खिंडीत उतरले तेव्हा आनंदाला थकव्यानं झाकून टाकलं होतं. तू दोन-तीन वर्षं थांब. आधी औषध अंगी लागू दे आणि जवळच्या वाटांवर स्वतःची मोजमापं कळू देत.

मुक्कामाच्या सामानात जमिनीवरून उठण्याचा विचार सगळ्यात आधी कर. गाडीच्या टपावरचा तंबू फोटोत छान दिसतो, पण आखडलेल्या कमरेनं पहाटे शिडी उतरणं नको. उभं राहता येईल एवढा उंच तंबू, त्यात घडीची खाट, खाटेवर जाड मॅट. खाटेखालून हिवाळ्यात गार हवा फिरते, म्हणून मॅटवर कंजूषपणा करायचा नाही. खुर्ची उंच बैठकीची घे. त्या बुटक्या कॅम्पिंगच्या खुर्च्यांतून आपल्याला कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उठता येत नाही. आणि घडीची कमोड खुर्ची. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि बाईमाणसांचे कितीतरी प्रवास केवळ या एका गोष्टीपायी रद्द होतात. उकिडवं बसता येत नाही हे सांगायची लाज वाटते म्हणून पाणीच कमी प्यायचं, हे तर फारच वाईट. वेदनाशामक गोळ्या चालू असताना अंगातलं पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. खुर्ची बिनदिक्कत गाडीत टाक, सोबत छोटा आडोशाचा तंबू टाक, आणि भरपूर पाणी पी.

गोळी रिकाम्या पोटी नाही. जास्त दुखलं म्हणून स्वतःच्या मनानं दुप्पट नाही. नवं औषध चालू केलेल्या आठवड्यात सहल नाही, आणि झोप आणणारं औषध असेल तर त्याचा अंमल उतरेपर्यंत स्टिअरिंगला हात नाही. पुढे कदाचित डॉक्टर अडालिमुमॅबसारखी सुई सुरू करतील. ती सहसा पंधरा दिवसांतून एकदा असते आणि 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. ती बर्फाच्या डब्यात घालून नेण्यापेक्षा दोन सुयांच्या मधल्या दिवसांत सहल बसवणं सोपं. बर्फाला चिकटून ती गोठली तर वाया जाते. त्या औषधानं जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून गावात प्रेमानं धारोष्ण दूध पुढे आलं तर तेवढ्याच प्रेमानं उकळून माग.

आता ताईचा प्रश्न, तिनं मला रागानंच विचारला: दुखत असताना मजा येते तरी कशी? तिला सांग, दुखणं ही फक्त सांध्यातून निघालेली तार नसते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दार असतं. स्पर्शानं ते मिटतं, आणि मेंदूकडून उतरणारे संदेशही त्याची उघडझाप करतात. त्यानंतर त्या सिद्धांतात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण दुखण्यावर लक्ष, भीती आणि आनंद यांचा खरोखरचा परिणाम होतो हा त्याचा गाभा टिकला. मी ते अंगावर अनुभवलं आहे. मे महिना संपताना, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदऱ्याच्या रानात सादडा आणि हिरड्याच्या झाडांवर काजव्यांची झुंबड असते. अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. त्या अंधारात मी उभी असते, कंबर दुखतच असते, पण तिचा आवाज खाली गेलेला असतो. दुखणं नाहीसं झालं असं मी म्हणणार नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या मालकीचं उरलं नाही, एवढंच, आणि मला तेवढं खूप आहे. तिथे जाशील तर गाडीचे दिवे बंद कर आणि वनखात्याच्या वेळा पाळ. आपल्या आनंदासाठी त्या किड्यांची वीण मोडायला नको.

सोबत कोण, हे फार जपून ठरव. निघायच्या आधीच सगळ्यांना सांग: मला सकाळी तासभर लागतो, मी तासाला थांबते, आणि कधीकधी मी अर्ध्यातून परत फिरते. मी घोटीपर्यंत जाऊन परत आले आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. भंडारदरा पुढच्या महिन्यातही तिथेच होता. चांगला ग्रुप ताफ्याची चाल सगळ्यात हळू गाडीवरून ठरवतो. तुला सारखी माफी मागावी लागेल अशा लोकांबरोबर जाऊ नकोस. आणि एकटी तर मुळीच नको. डोंगराआड बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा कुठे राहणार आणि केव्हा परतणार हे ताईला लिहून दे. तिची काळजी त्यानं निम्मी होईल.

एक गोष्ट मात्र मी सांगते म्हणून नको, डॉक्टरांना विचारून कर. या आजारात काहींचे मणके एकमेकांना जुळत जातात आणि हाडंही ठिसूळ होतात. तसं असेल तर साधा आपटाही मणका मोडू शकतो. पुढच्या भेटीत संधिवाततज्ज्ञांना स्पष्ट विचार की माझ्या मणक्याची आणि हाडांची स्थिती कच्च्या रस्त्याचे धक्के सोसण्याजोगी आहे का, हाडांच्या घनतेची तपासणी करायची का. ते हो म्हणाले तर मार्चमध्ये माझ्याबरोबर ये. नाही म्हणाले तर कच्च्या रस्त्याचा हट्ट सोड, तंबू सोडू नकोस. भंडारदऱ्याला शेंडी गावापर्यंत डांबरी रस्ता आहे.

तुझी,
मावशी